बदलापुरातला वन बीएचके : स्टेशन किती लांब, नदी किती जवळ

बदलापुरात घर बघायला आलेला माणूस पहिल्यांदा दर विचारतो. ब्रोकर चौरस फुटाचा आकडा सांगतो आणि ठाणे-डोंबिवलीच्या मानानं तो इतका कमी असतो की पुढचे प्रश्न विचारायचे राहूनच जातात. इथलं घर चांगलं की वाईट हे दोन गोष्टींवर ठरतं : इमारत स्टेशनपासून चालत किती मिनिटांवर आहे, आणि उल्हास नदीला पूर आला की पाणी कुठपर्यंत येतं. टाइल्स, किचन ओटा, खिडक्या नंतर बदलता येतात. या दोन गोष्टी नाही बदलता येत.

निकाल आधीच सांगून टाकतो. नोकरी ठाणे, मुलुंड, कल्याण किंवा अंबरनाथ एमआयडीसीच्या पट्ट्यात असेल आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरता येते असा नगरपरिषदेचा दाखला) मिळालेली इमारत स्टेशनपासून पंधरा मिनिटांच्या पायी अंतरावर, उंच जागी मिळत असेल, तर बदलापूर खुशाल घ्या. त्या पैशात एवढं मोकळं गाव, डोंगर आणि मराठी शेजार मुंबईच्या जवळ दुसरीकडे सहज मिळत नाही. रोज बीकेसी, लोअर परळ किंवा अंधेरी गाठायची असेल तर मात्र पुढचं गणित नीट वाचा.

गाडी

बदलापूर सीएसएमटीपासून साधारण ६८ किलोमीटरवर आहे. जलद लोकलनं दीड तासाच्या आतबाहेर लागतो, ठाण्याला पाऊण ते एक तास. 'जलद' हा शब्द कल्याणपर्यंतच खरा. पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ सगळीकडे गाडी थांबतेच. आता दारापासून दारापर्यंत मोजा. घर ते स्टेशन १५ मिनिटं, फलाटावर १०, गाडीत ८५ ते ९०, उतरल्यावर ऑफिसपर्यंत २०. एका बाजूला सव्वादोन तास झाले, दोन्ही बाजूंचे साडेचार. दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडायची असेल तर आणखी अर्धा तास जोडा. ब्रोकर 'स्टेशनला पाच मिनिटं' म्हणतो तेव्हा तो दुपारी दोन वाजता बाइकवरून लागणारी पाच मिनिटं सांगत असतो.

इथून सुटणारी बदलापूर लोकल ही मोठी सोय. कर्जत आणि खोपोलीहून येणाऱ्या गाड्या सकाळी भरूनच येतात. पण बदलापूर लोकल रिकामी मिळेल असंही समजू नका. अंबरनाथचे कितीतरी प्रवासी आधी उलटे बदलापूरला येतात आणि बसल्या जागीच मुंबईकडे निघतात. याला 'रिटर्न' म्हणतात आणि त्यावरून डब्यात रोज तोंडं वाजतात. बसायला हवं असेल तर गाडी फलाटावर लागायच्या दहा मिनिटं आधी तिथे उभं राहावं लागतं. ही दहा मिनिटं वरच्या हिशोबात धरलेली आहेत.

खरी अडचण कल्याणच्या पुढे आहे. तिथून काही गाड्या कसाऱ्याकडे वळतात, आणि कर्जतच्या बाजूला लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या एकाच जोडमार्गावरून धावतात. म्हणून एखादी एक्स्प्रेस उशिरा आली की लोकल उल्हासनगर किंवा अंबरनाथला उभी राहते. कल्याण-बदलापूर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेचं १४ किलोमीटरचं काम आणि अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन हे एमयूटीपी ३-अ या मुंबईच्या रेल्वेविस्तार प्रकल्पात आहे. मार्गिका झाली की इथल्या प्रवासात खरा फरक पडेल. तरी 'चिखलोली स्टेशनपासून दोन मिनिटं' किंवा कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो या नावाखाली आज चौरस फुटामागे जास्त पैसे मोजू नका. फलाटावर गाडी थांबायला लागली की त्याचे पैसे द्या.

घर पक्कं करण्याआधी एक चाचणी करा. सोमवारी सकाळी आठच्या गाडीच्या हिशोबानं त्या इमारतीच्या गेटपासून स्टेशनपर्यंत चालत जा. तसंच रात्री नऊला फलाटावर उतरून परत या. शेअर रिक्षाची रांग, पुलावरची गर्दी, दिवे नसलेला रस्ता आणि कुत्री, सगळं त्या दोन फेऱ्यांत कळतं. पावसात रिक्षा निम्म्या होतात, म्हणून रिक्षाशिवाय पोचता येत नसेल तर ते घर स्टेशनजवळचं धरू नका. पूर्व-पश्चिम ये-जा गाडीनं करायची तर भार मुख्यतः एका उड्डाणपुलावर आहे, आणि बेलवलीच्या भुयारी मार्गात मोठ्या पावसात पाणी भरतं. मुलांची शाळा ज्या बाजूला, घरही त्याच बाजूला घेतलं तर रोजचा अर्धा तास वाचतो.

नदी

बदलापूरच्या पश्चिमेकडून उल्हास वाहते. खंडाळा-कर्जतच्या डोंगरात पडलेलं पाणी घेऊन ती येते, म्हणून गावात पाऊस उघडला तरी नदी काही तास चढतच राहते. इथे इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर आहे. २६ जुलै २००५ ला, जुलै २०१९ ला आणि पुन्हा जुलै २०२१ ला नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटी लावून बाहेर काढावं लागलं. हेंद्रेपाडा, रमेशवाडी, बॅरेज रोड, वालिवली ही नावं अशा प्रत्येक पुराच्या बातमीत असतात. त्या भागातली सगळी घरं वाईट, असं नाही. एकाच रस्त्यावर एक इमारत कोरडी राहते आणि शंभर पावलांवरच्या दुसरीच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांवरच्या तळमजल्याच्या पार्किंगमध्ये, छातीभर पाणी असतं. म्हणून विभागाच्या नावावर जाऊ नका, इमारत बघा.

बघायचं कसं? पार्किंगमध्ये उतरा आणि खांब बघा. रंग नवा असला तरी जिन्याखालच्या कोपऱ्यात, पंपाच्या खोलीच्या आतल्या भिंतीवर चिखलाचा करडा पट्टा बहुतेक राहतोच. तिथे रंगारी जात नाही. मग विजेच्या मीटरची पेटी. पूर पाहिलेल्या सोसायट्या मीटर डोक्याच्या वर किंवा पहिल्या मजल्याच्या जिन्यात नेतात. जुन्या पेटीच्या जागी भिंतीत चार बुजवलेली भोकं आणि वर नवी पेटी दिसली, तर कुणालाही न विचारता उत्तर मिळालं. त्यानंतर भूमिगत टाकीचं झाकण. ते जमिनीच्या बरोबरीत असेल तर पुराचं आणि गटाराचं पाणी थेट पिण्याच्या पाण्यात जाणार. झाकणाभोवती दीड-दोन फुटांचा कट्टा हवा. लिफ्टच्या खड्ड्यात टॉर्च मारून बघा. गंजलेले स्प्रिंग आणि कुबट वास असेल तर दर पावसाळ्यात लिफ्ट बंद आणि दुरुस्तीचा खर्च सोसायटीच्या माथी.

शेवटी समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, '२०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं?' 'इथे पाणी येतं का?' असं विचारलं तर कुणीही 'नाही' म्हणतं. साल घालून विचारलं की माणूस हातानं उंची दाखवतो.

कागदावर बघायचं तर जलसंपदा विभागानं आखलेल्या पूररेषा आहेत. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतली जागा कितीही स्वस्त असली तरी सोडा. निळी आणि लाल यांच्या मधल्या जागेत परवानगीला अटी असतात; आर्किटेक्टच्या मंजूर नकाशावर जोत्याची (तळमजल्याच्या जमिनीची) पातळी काय लिहिली आहे ते मागून घ्या. कुळगाव, कात्रप, शिरगाव हा पूर्वेचा भाग नदीपासून दूर आहे, म्हणून नदीच्या पुराचा धोका तिथे तुलनेनं कमी. तिथे नाल्याकाठची इमारत तेवढी तपासा.

फ्लॅट

जाहिरातीतला ६५० चौरस फुटांचा वन बीएचके मोजायला गेलं की कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ३८० ते ४५० निघते. दर कार्पेटवरच विचारा. रेरा या घरविक्रीवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यानं विक्री कार्पेटवरच करायची आहे. टेप घेऊन जा आणि बेडरूममध्ये सहा फुटी पलंग आणि कपाट लावल्यावर दार उघडतं का ते मोजा. पुष्कळ नव्या इमारतींत ते उघडत नाही.

समुद्राचा वारा इथवर येत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पश्चिमेला मोठी खिडकी असलेला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट रात्री अकरापर्यंत भट्टी असतो, म्हणून शेवटचा मजला घ्यायचाच तर गच्चीवर पत्र्याची शेड किंवा चांगलं ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर देऊन केलेलं) वॉटरप्रूफिंग आहे का ते बघा. घर बघायला शक्यतो ऑगस्टमध्ये या. उन्हाळ्यात रंगवलेली भिंत काही बोलत नाही. पावसात पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत, खिडकीखालचा कोपरा, बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत, या तीन ठिकाणी हात लावला की कळतं.

पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून येतं आणि ठरावीक वेळेलाच येतं, म्हणून टाकीचा हिशोब मांडा. माणशी दिवसाला १३५ लिटर हे नियोजनाचं प्रमाण. २८ फ्लॅट आणि घरात चार माणसं धरली तर रोज १५,१२० लिटर झाले. भूमिगत टाकी निदान दीड दिवसाची, म्हणजे २२-२३ हजार लिटरची हवी. सोसायटीच्या सेक्रेटरीला मागच्या मे महिन्यात टँकरवर किती खर्च झाला ते विचारा आणि हिशोबाच्या वहीत बघूनच घ्या. बिल्डरची नवी इमारत असेल तर जीवन प्राधिकरणाची जोडणी मिळाली आहे की बोअरवेलवर चाललं आहे, हे लेखी घ्या.

वीज महावितरणची. लिफ्टला जनरेटर किंवा बॅटरीची सोय नसेल आणि घरात म्हातारी माणसं असतील तर तिसऱ्या मजल्याच्या वर जाऊ नका. दवाखाने आणि छोटी रुग्णालयं भरपूर आहेत, मोठ्या उपचारांना मात्र उल्हासनगरचं सरकारी मध्यवर्ती रुग्णालय, कल्याण किंवा ठाणं गाठावं लागतं. हृदयविकार किंवा डायलिसिसचा रुग्ण घरात असेल तर ही बाब दरापेक्षा मोठी समजा.

कागद

महारेराचा, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाचा, प्रकल्प नोंदणी क्रमांक ही सुरुवात आहे, एवढंच. ठाणे जिल्ह्यातल्या प्रकल्पांचा क्रमांक पी५१७ नं सुरू होतो. तो महारेराच्या संकेतस्थळावर टाकून मंजूर मजले किती, ताबा देण्याची तारीख काय, मुदतवाढ किती वेळा घेतली, जमिनीवर कर्ज किंवा दावा आहे का, हे वाचा. माहितीपत्रकात चौदा मजले आणि मंजुरी सातची असेल तर वरच्या मजल्यावरचा फ्लॅट आज अस्तित्वातच नाही. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवली गेली आणि पुढे उच्च न्यायालयानं त्या पाडायला सांगितल्या. तेव्हा बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत घेऊन कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जा आणि जावक क्रमांक, तारीख जुळते का ते खिडकीवर विचारून घ्या. यात अर्धा दिवस जातो, तो वाचवू नका.

सातबारा आणि फेरफार महाभूलेखवर, आधीच्या विक्रीची इंडेक्स-टू (नोंदलेल्या कराराचा सारांश) नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर मिळते. कागदांवर 'बदलापूर' दिसलं नाही म्हणून गोंधळू नका. मौजे कुळगाव, मौजे बेलवली, मौजे मांजर्ली अशी मूळ गावांची नावं असतात. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर प्रत्येक कागदावर एकच आहे ना, हे बघायचं. तीस वर्षांचा टायटल सर्च वकिलाकडून करून घ्या आणि तो वकील ब्रोकरनं सुचवलेला नको.

नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. 'आज वीस टक्के भरा, दर लॉक करतो' हे कायद्याविरुद्ध आहे. उघडं पार्किंग विकण्याचा अधिकारही बिल्डरला नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच हे स्पष्ट केलं आहे. तरी पावती न देता पार्किंगचे लाख-दीड लाख मागितले जातात. पावती मागितली की बहुतेक वेळा बोलणं तिथेच थांबतं.

जुन्या घराला म्हणजे रीसेलला इथे नवीन इमारतीपेक्षा जास्त गुण द्यावे लागतील. गळती दिसते, शेजारी दिसतात, पूर दिसलेला असतो. शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं नाहरकत, थकबाकी नसल्याचा दाखला आणि आधीच्या सगळ्या करारांची साखळी मूळ प्रतींत बघा. साखळीतला एक करार नोंदणी न केलेला असेल तर बँक अडवते. हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, शासनाच्या परिपत्रकानुसार २५,००० रुपयांच्या वर कुठेही घेता येत नाही. सोसायटी 'देणगी' म्हणून जास्त मागत असेल तर परिपत्रक दाखवा. सोसायटीच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीकडे येणं) झालं आहे का, हेही विचारा. झालेलं नसेल तर पुढे पुनर्विकासाच्या वेळी जमीनमालक आडवा येतो.

पैसे

तीस लाखांचा बांधकाम चालू असलेला फ्लॅट धरू. एवढ्या किमतीवर बँक ९० टक्क्यांपर्यंत म्हणजे २७ लाख कर्ज देऊ शकते. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता साधारण २३,४०० रुपये बसतो. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च या कर्जात धरत नाहीत. मुद्रांक शुल्क सहा टक्के धरलं तर १,८०,००० रुपये. नगरपरिषद आणि ग्रामपंचायत हद्दीत दर वेगळे असतात, म्हणून नेमका दर दुय्यम निबंधक कार्यालयातून घ्या. घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत आहे, म्हणजे इथे सरळ ३०,००० रुपये. शुल्क करारातल्या किंवा रेडी रेकनरच्या (सरकारनं ठरवलेल्या) किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर लागतं. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३०,०००. कार्पेट ६० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर जीएसटी एक टक्का, त्याहून मोठ्या किंवा महाग घराला पाच. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलेल्या घराला जीएसटी नाही.

म्हणजे स्वतःचे ३ लाख, शुल्क-नोंदणी-जीएसटीचे मिळून २ लाख ४० हजार, वर मीटर, सोसायटी स्थापना, दोन वर्षांचा आगाऊ देखभाल खर्च आणि वकील. सात लाख हातात नसतील तर टोकन देऊ नका. टोकन दिल्यावर पैसे कमी पडतात तेव्हाच लोक वैयक्तिक कर्ज काढतात आणि पहिली पाच वर्षं त्यातच जातात.

वांगणी, शेलू, नेरळ आणखी स्वस्त आहेत. बदलापूर लोकल तिथवर जात नाही. कर्जत-खोपोलीच्या गाड्यांवरच भिस्त, आणि रात्री एक गाडी चुकली की मोठा खोळंबा. तिथल्या स्वस्त चाळवजा घरांच्या जाहिरातींत 'ग्रामपंचायत एनओसी, घरपट्टी नावावर' असं असतं. ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला हा बांधकाम परवाना नव्हे आणि घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही. जमीन बिगरशेती झालेली नसेल आणि सक्षम प्राधिकरणाचा मंजूर नकाशा नसेल, तर ते घर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. बँक त्याला कर्ज का देत नाही, याचं उत्तरही त्यातच आहे.

ताबा घेताना बाथरूमची जाळी बंद करून दोन इंच पाणी २४ तास साठवा आणि खालच्या फ्लॅटचं छत बघा. टाइलवर नाण्यानं टकटक करा. पोकळ आवाज आला की तिथे खाली माल कमी आहे. खिडकीच्या चौकटीखालच्या दगडाला बाहेरच्या बाजूनं उतार हवा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत. जे सापडेल ते लेखी द्या. बांधकामातल्या दोषांची दुरुस्ती ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरनं विनामूल्य करायची आहे.

आणि घाई नसेल तर त्याच विभागात आधी अकरा महिने भाड्यानं राहा. करार एप्रिलमध्ये सुरू करा, म्हणजे उकाडा, टँकर, जुलैचा पाऊस आणि अंबरनाथला अडकलेली गाडी, हे सगळं मालक होण्याआधी बघून होतं.